उणे अर्धे

विश्राम, त्या दुपारी फोनवर तू ‘उणे अर्धे’ असेच म्हणाला होतास. मी ते नीट ऐकले, आणि ऐकले तसेच कागदावर उतरवले. तुझ्या तोंडून चुकून ‘उणे एक’ गेले, असे जे तू पुढची तीन वर्षे मानत राहिलास, ते मी तुला मानायला लावले होते. ते खोटे होते हे माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते, आणि तू गेलास तेव्हाही त्यात काही बदल झालेला नव्हता.

इतकेच आहे. चार वाक्यांत मावले. जे सांगायला मला तीन वर्षांत एक दिवस सापडला नाही, ते चार वाक्यांत मावावे याचा मला आज सकाळपासून संताप येतो आहे.

तुझ्या त्या संगणकाच्या भाषेचा नियमच होता की ओळ उजव्या टोकापासून सोडवत डावीकडे यायचे. म्हणून मीही शेवटचे आधी मांडले. आता बाकीचे क्रमाने लिहितो. त्यातले बरेच तुला माहीत आहे, पण पायऱ्या मांडल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. गणिताच्या मास्तराची खोड, तू म्हणशील. म्हण.

खाणीच्या नियोजन कार्यालयात तू एपीएल शिकलास. पुढे खाणी बंद पडल्या, कार्यालयाला कुलूप लागले, आणि आमोण्याला, आपल्या गावी, शेताच्या बांधावर परतताना तू तेवढी ती भाषा बरोबर घेऊन आलास. शब्दांऐवजी चिन्हांनी लिहायची भाषा. साध्या कळफलकावर ती चिन्हे नव्हती, म्हणून सुमनवैनींच्या नखांना लावायच्या लाल रंगाने तू ती एकेका कळीवर काढलीस. “माझी नखां कोरी, आणि ह्येंच्या मशिनीची रंगवलेली,” असे वैनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी ते प्रथम पाहिले तेव्हा हसलो, आणि मला थोडा मत्सरही वाटला. पेडण्याच्या शाळेत मुलांना एकेक पायरी लिहायला लावण्यात माझी उमर गेली. तू चार चिन्हे दाबायचास आणि आकड्यांचा अख्खा तक्ता एका दमात बदलायचा.

“एकेकल्याक वाडीत वचपाचें ना, मास्तर,” तू म्हणाला होतास. “आख्खी पंगत एकदम.” एकेकाला वाढत जायचे नाही.

मानस हा शब्दही मी तुझ्याकडून शिकलो. मी मोपाच्या पठाराकडचा. आमचे पाणी विहिरीतले, ते आपल्या जागी राहते. माझ्या पुस्तकी मराठीत मानस म्हणजे मन. तुमच्या खाजनात, नदीकाठच्या त्या सखल खाऱ्या शेतीत, मानस म्हणजे बांधातले दार, शेतातले पाणी ओहोटीला नदीत सोडणारे आणि नदीचे खारे पाणी भरतीला बाहेर अडवणारे. जुनी, आपोआप मिटणारी दारे कुजली, तेव्हा गावाने हाताने उचलायची फळी बसवली आणि ती सोयरूदादाच्या हवाली केली. फळी नेमकी केव्हा उचलावी, हा प्रश्न तिथून सुरू झाला आणि तू तो अंगावर घेतलास. कोणी सांगितले नव्हते.

दाराच्या दगडी उंबऱ्याला तू शून्य मानलेस. शेजारी एक लाकडी पट्टी ठोकलीस आणि तिच्यावर सेंटिमीटरऐवजी बोटे आखलीस, कारण सोयरूदादा बोटांनी मोजणारा. दोन बोटांच्या मध्ये अर्ध्याची बारीक रेघ. ओहोटीला नदी उंबऱ्याच्या वर राहिली तर इतकी बोटे, खाली उतरली तर उणे इतकी. रोज ओहोटी गाठून तू वाचन घ्यायचास आणि वहीत तिथीवार लिहायचास. महिना संपला की प्रत्येक तिथीच्या मागच्या तीन वाचनांतला मधला आकडा काढून तीस घरांचा तक्ता मानशीजवळच्या खांबाला लावायचास. तक्त्यात अर्धे चालत नसे. सोयरूदादाला पूर्ण बोट हवे. शून्य किंवा त्याच्या वर, तर फळीला हात लावायचा नाही. उणे एक, तर तासभर उचलायची. उणे दोन, तर दोन तास. कॅलेंडरकडे बघावे तसे लोक त्या खांबाकडे बघत जायचे.

आणि अर्ध्याचे काय करायचे, यावरून आपण दोघे भांडत बसायचो.

तुझी ओळ आखूड होती: ⌊0.5+X. पंगतीतल्या प्रत्येकाला अर्धा वाढायचा, आणि मग प्रत्येकाला खालच्या पूर्णांकावर उतरू द्यायचे. अडीचाचे तीन होतात, इथवर माझी तक्रार नव्हती. पण उणे अडीचाचे उणे दोन होतात आणि उणे अर्ध्याचे शून्य. उंबऱ्याच्या वरचे अर्धे शून्यापासून दूर जाते, खालचे अर्धे शून्याकडे येते. हे मला वाकडे वाटे. मी तुला माझी ओळ दिली: (×X)×⌊0.5+|X. चिन्ह बाजूला ठेवायचे, केवल मूल्य पूर्ण करायचे, आणि मग चिन्ह ज्याचे त्याला परत द्यायचे. उणे अर्ध्याचे उणे एक. वर आणि खाली एकच नियम.

“शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखा न्याय हवा, विश्राम.”

“उदकाक न्याय नाका, मास्तर. उदकाक वाट जाय.” पाण्याला वाट हवी.

“तुझा नियम एका बाजूला झुकतो, एवढेच मी म्हणतोय.”

“झुकूं दी. उदक आसा ताचे परस चड दाखयता, उणें दाखयना. म्हाका तेंच जाय.” असेल त्याहून जास्त पाणी दाखवतो, कमी नाही, हाच तुझा हिशेब. मग तू तुझा ठरलेला टोला मारायचास. “तुजें शून्य शाळेंतल्या फळ्यार आसता. म्हजें उंबऱ्यार. थंय चुकलें जाल्यार कोणाच्या तरी शेतांत मीठ पडटलें.”

तू बरोबर होतास. शंका असेल तेव्हा नदीला थोडी वरच धरावी, हे न कळण्याइतका मी मूर्ख नव्हतो. मला ते तेव्हाच कळत होते, आणि तरी दर खेपेला मी नवा कागद घेऊन यायचो. गणित शिकवणारा मी, आणि चिखलाने माखलेल्या पायांनी बसून तू एका वाक्यात मला गप्प करायचास. दुखत होते ते हे. याला मी इतकी वर्षे तत्त्वाचा वाद म्हणत आलो.

मग वैनींच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले. तू त्यांच्याबरोबर रुग्णालयात राहिलास आणि त्या महिन्याचा तक्ता माझ्यावर सोपवलास. फाईल माझ्या संगणकावर होती. शेवटची काही वाचने तुझ्या खिशातल्या वहीत होती. ती तू जिन्यात उभा राहून फोनवर सांगितलीस. मागे कोणाच्या तरी चपला वाजत होत्या. “अष्टमी, उणे अर्धे,” तू म्हणालास. आधीच्या दोन अष्टम्या फाईलमध्ये होत्या, एकीला शून्य, एकीला उणे एक. तिन्हींतला मधला आकडा उणे अर्धे. तुझ्या ओळीने त्या घरात शून्य आले असते.

मी तुझी ओळ पुसून माझी घातली.

ते चुकून झाले नाही. घाईतही झाले नाही. मला तुला दाखवायचे होते. महिना सुखरूप पार पडला असता, आणि मग तुझ्या बाल्कांवात, पुढच्या ओसरीवर, चहाचा कोप हातात घेऊन मी सहज म्हणालो असतो, विश्राम, गेला महिनाभर तुझ्या खांबावर माझा नियम होता, काही बिघडले का? त्या एका वाक्याच्या चैनीसाठी मी तक्ता बदलला. आणि बदलला तोही किती सोपेपणाने. हाताने एकेक आकडा पूर्ण करत मी अष्टमीपाशी पोचलो असतो, तर पेन थांबले असते. शून्याच्या जागी उणे एक लिहिताना आपण दार उघडतो आहोत, हे हाताला कळले असते. पण पंगत एकदम वाढली गेली, आणि अष्टमीच्या पानात काय पडले ते वाकून न पाहताच मी तक्ता नेऊन खांबाला लावला. भाषेला दोष देतो आहे, हे मला कळते. तो देण्याची सोय हवीहवीशी वाटते, हेही कळते.

अष्टमीला भांग असतो, ओहोटी फारशी उतरत नाही, हे सोयरूदादाला जन्मापासून ठाऊक. पण तुझा तक्ता तोवर एकदाही चुकला नव्हता. त्याने आकडा वाचला, फळी उचलली आणि पदेराच्या पावाच्या दुकानाशी चहा प्यायला गेला. त्या सकाळी वारा नदीवरून आत येत होता. सांगितल्याप्रमाणे तासाभराने तो परतला, तेव्हा पाणी उलटे, शेताच्या बाजूला वाहत होते. मानशीला सगळ्यांत जवळचे शेत शेवंतीबायचे. वायंगणाच्या, उन्हाळी भाताच्या, लावणीसाठी वाढवलेला तिचा सगळा तरवा तिथे चार वाफ्यांत उभा होता. आठवडा गेला नाही तोच रोपे शेंड्याकडून करपत खाली आली.

तू वैनींना घेऊन परतलास त्या दिवशी मीही आमोण्यात होतो. शेवंतीबाय खांबापाशी कमरेवर हात ठेवून उभी होती. आवाज चढवला नाही तिने.

“विश्राम, तुज्या काँप्युटराक जेवणांत मीठ उणें पडलें काय रे?”

सोयरूदादा जमिनीकडे बघत म्हणाला, “तक्त्यार उणें एक आशिल्लें. हांवें फळी उखल्ली.”

तू तक्ता खांबावरून सोडवलास, त्याची नीट घडी घातलीस आणि मला म्हणालास, “चल, घरा वचून पळोवया.”

घरी पाहण्यासारखे मी काही शिल्लक ठेवले नव्हते. बातमी मला आधीच कळली होती, आणि कळल्याबरोबर मी दोन कामे केली होती. माझी ओळ काढून तुझी परत घातली. मग तुझ्या ओळीनेही उत्तर उणे एक यावे म्हणून अष्टमीचे उणे अर्धे खोडून तिथे उणे एक भरले. पहिले काम भीतीने झाले असे म्हणता येईल. दुसऱ्याला मी अजून नाव शोधतो आहे. ते करताना माझे डोके अगदी स्वच्छ चालत होते. एक वाचन बदलले की मधला आकडा बदलतो, हे मी आधी कागदावर ताडून पाहिले होते.

मी परत आणलेली फाईल तू तुझ्या संगणकावर उघडलीस आणि शेजारी वही ठेवलीस. तुझे बोट वहीवरून पडद्याकडे गेले, पडद्यावरून वहीकडे आले.

“मास्तर, हांगा वहींत अर्धें आसा. तुवें एक घातलां.”

“तू फोनवर एक म्हणालास,” मी म्हणालो.

आतल्या खोलीत वैनी वॉकर टेकत चालून पाहत होत्या. त्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

“म्हटलां आसतलें,” तू म्हणालास. म्हटले असेन. “तेन्ना म्हजें लक्ष सारकें नाशिल्लें.”

विश्राम, इथे मला तुझाही राग येतो. येऊ नये, तो अधिकार मी गमावला आहे, पण येतो. पट्टीवरचे प्रत्येक वाचन तू दोनदा वाकून घ्यायचास. यंत्राने शून्य दाखवले तरी ते खरेच शून्य आहे का, हे तपासायचास. आणि तुझ्या स्वतःच्या हस्ताक्षरातली वही समोर उघडी असताना तू माझ्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवलास. का? भांडायचे होतेस. आयुष्यभर अर्ध्यासाठी माझ्याशी भांडलास, आणि ज्या दिवशी ते अर्धे खरोखर तुझे होते त्या दिवशी सोडून दिलेस. मला तेव्हा सुटल्यासारखे वाटले. तू मला सोडवलेस आणि मी सुटलो, याचाही मला राग येतो.

त्याच संध्याकाळी तू शेवंतीबायच्या दारात जाऊन सांगितलेस की चूक माझी, मी फोनवर आकडा चुकीचा सांगितला. दुसऱ्या दिवशी नार्व्याच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून रोपांच्या जुड्या आणल्यास आणि तिच्याबरोबर चिखलात उतरून लावल्यास. मीही उतरलो. घरी बसवेना म्हणून. शेवंतीबायने वर पाहिले आणि म्हणाली, “पेडण्याचे मास्तर आयज चिखलांत? व्हड काळजाचो मनीस.” तू हसून मान डोलावलीस. मी एक जुडी सोडली आणि ओळ धरली. कंबर मोडेपर्यंत लावत राहिलो, पण तोंड उघडले नाही.

तक्ता तू पुन्हा लावला नाहीस. वाचने चालू ठेवलीस, वह्या भरत गेल्या, खांब रिकामा राहिला. सोयरूदादा पुन्हा आपल्या नजरेने फळी उचलू लागला. आणि तुला एक सवय लागली. कोणताही आकडा तू दोनदा सांगू लागलास. पदेराला, “चार पाव. चार.” फोनवर मला, “साडेधाच्या बशीन येतां. साडेधाच्या.” वैनी चेष्टा करायच्या, “ह्येंका एकदा विचारल्यार उत्तरां दोन मेळतत.” सगळे हसायचे. मीही हसायचो. प्रत्येक दुसऱ्या आकड्याला मला ठाऊक असायचे की हा माझ्यामुळे आहे, तरी हसायचो.

तू मला एकदा त्या भाषेची सहनशीलता समजावून सांगितली होतीस. दोन पूर्णांक नऊ-नऊ-नऊ-नऊ असा काहीतरी लांबलचक आकडा, तिनाच्या केसभर अलीकडे थांबलेला. खालच्या पूर्णांकावर उतरवले तर त्याचे दोन व्हायला हवेत. पण ती भाषा त्याला तीनच मानते. यंत्राच्या हातून केसभर चूक होणारच, हे तिने आधीच धरलेले असते, आणि तेवढी ती पोटात घालते. “पूण केसभरच,” तू म्हणालास. “अर्धें न्हय.” तेव्हा आपण दोघेही ते वाक्य आकड्यांबद्दल आहे असे समजत होतो.

मग गेल्या वर्षी तुझे शब्द खरोखरच अडखळू लागले. तपासण्या झाल्या, मेंदूत गाठ निघाली. डॉक्टरांच्या खोलीत वैनी तुझ्या उजवीकडे होत्या, मी मागे भिंतीला टेकून. डॉक्टरांनी विचारले, बोलण्यात चूक होते आहे हे पहिल्यांदा केव्हा लक्षात आले? तू विचार केलास. अक्षरे जुळवत, सावकाश म्हणालास, “दोन वर्सां जालीं. फोनार अर्धें सांगपाचें, हांवें एक सांगलें.”

“असू शकते,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी ते लिहून घेतले.

मी भिंतीपासून दूर झालो. बोलण्यासाठीच झालो असे मला आजही वाटते. पण वैनींनी पदर तोंडाला लावला, तू त्यांच्या हातावर हात ठेवलास, आणि मी पुन्हा भिंतीला टेकलो. माझे खोटे तुझ्या आजाराच्या कागदांत पहिले लक्षण म्हणून नोंदले गेले. उपचारांत त्याने काही फरक पडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. फरक वैनींना पडत होता. तिकडे मी पाहिले नाही.

शेवटच्या भेटीचे तर काय सांगू. तू उशीला टेकून बसला होतास, जनेलातून बांधाकडे बघत. आवाज अगदी बारीक झाला होता.

“मास्तर, तुजी ओळ.”

“कोणती ओळ?”

“दोनूय वटेन सारको न्याय. लांब आसा, पूण सारकी आसा.” थोडा दम घेऊन म्हणालास, “हांव हरलों.”

तू हरायला नको होतास, विश्राम. ज्या वादात तू बरोबर होतास, आणि तू बरोबर होतास हे शेवंतीबायच्या करपलेल्या तरव्याने दाखवले होते, त्यात तू मला जिंकू दिलेस, कारण तुझ्या लेखी तुझी ओळ चुकलीच नव्हती; तुझी जीभ चुकली होती, आणि एका आजारी माणसाने जुन्या मित्राला काहीतरी देऊन टाकायचे होते. मी काय केले? तुझी उशी सारखी केली. म्हणालो, आता विश्रांती घे. नऊ दिवसांनी तू गेलास.

बारावे-तेरावे झाल्यावर काल वैनींनी मला बोलावून घेतले. म्हणाल्या, “त्या मशिनीत काय आसा ता एकदा बघा, भावजी, आणि बंद करून टाका.” मी तुझ्या मेजापाशी बसलो. कळींवरचा लाल रंग बराच उडाला होता. खाली उतरवण्याचे ते चिन्ह ज्या कळीवर होते तिच्यावर तर त्याची जेमतेम एक कड उरली होती. फाईल उघडली. अष्टमीचे ते वाचन तू दुरुस्त करून पुन्हा उणे अर्धे केले होतेस, आणि पुढे टीप लिहिली होतीस. त्या भाषेत टिपेच्या आधी पणतीसारखे एक चिन्ह येते. पणतीनंतर तुझे शब्द: इथे मी फोनवर चुकीचा आकडा सांगितला. चूक माझी.

मला अंधुक आशा होती की तुला कळले असेल. कुठेतरी एखादी खूण सापडेल, की तू ओळखलेस आणि न बोलता मला क्षमा केलीस. मी सगळी फाईल चाळली, सगळ्या वह्या चाळल्या. काही नाही. तुला कळले नव्हते. अशी आशा करतानाही मी तुझ्याकडून एक काम फुकट करून घेऊ पाहत होतो, हे मला तिथे बसल्यावर समजले.

तुझ्या टिपेखाली मी दुसरी पणती काढली आणि खरे काय ते लिहिले. फाईल जतन केली. क्षणभर हलके वाटले, आणि लगेच स्वतःची चीड आली. ती टीप वाचणार कोण? आमोण्यात ती भाषा वाचणारा एकच माणूस होता.

बाहेर बाल्कांवात वैनी आणि शेवंतीबाय बसल्या होत्या. शेवंतीबायने कोरगुटाचे तांदूळ आणले होते. पिशवी दोघींच्या मध्ये होती, तिच्याकडे कोणी पाहत नव्हते. मी दारापर्यंत आलो तेव्हा वैनी बोलत होत्या.

“माझ्या गुडघ्याच्या नादात ह्येंची जीभ अडाकली, ता माका कळूक नाय. तेवाच डागतराक दाखवलंय आसतंय तर आज ह्या बघूचा पडला नसता.”

“आतां कित्याक तें?” शेवंतीबाय म्हणाली. “म्हजो तरवो लासलो, हांव तुज्या घोवाक मीठ म्हणून हांसलें. ताका बरें नाशिल्लें, हें म्हाकाय कळूंक ना.”

“तुका खंयसून कळतला? मी घरात आसान माका कळला नाय.”

हे त्या पहिल्यांदा बोलत नव्हत्या. शब्द इतके झिजलेले होते की ते अनेकदा बोलले गेले असणार, स्वतःशी, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. दोघी बायका एका गोष्टीसाठी स्वतःला दोष देत बसल्या होत्या आणि ती गोष्ट घडलीच नव्हती. ती मी घडवली होती, फक्त एका वाक्यात, तुझ्याच मेजापाशी.

मी बोललो. पण तुला माझा आवाज ठाऊक आहे. शेवटच्या बाकावरची मुले कायम तक्रार करायची. दोघींनी वर पाहिले.

“काय म्हनालात, भावजी?” वैनी म्हणाल्या. “मोठ्यान सांगा.”

मी उंबऱ्याच्या बाहेर आलो. दाराची चौकट धरली, आणि माझ्या घरच्या बोलीत, रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले.

“वैनी, विश्रामाची जीभ तेवा अडाकली नव्हती. त्यान फोनार उणे अर्धेच सांगल्यान. उणे अर्धे. तक्त्यार एक मी केलंय, आणि खोटा बोलान त्येच्यार घातलंय. तुमच्या गुडघ्याचो त्यात काय एक संबंध नाय. शेवंतीबाय, तुझो तरवो माझ्यामुळे गेलो. माझी चूक झाली. माका माफ करा.”